'उसनं दुःख' म्हणणाऱ्या सरांना

सर, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया रात्री दोनदा वाचली, सकाळी आईलाही वाचून दाखवली. ती म्हणाली, "चिडून लिहू नकोस, मास्तर माणूस आहे." म्हणून दोन दिवस थांबले.

ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: सर कोल्हापूरचे, इतिहासाचे निवृत्त शिक्षक. माझ्या पोलंडच्या लेखावर त्यांचं म्हणणं असं, की तरुण ज्यू मुलामुलींना छळछावण्या दाखवत फिरवणं ही दुःखाची सहल आहे आणि तिच्यातून भीती आणि द्वेषच पेरला जातो. माझ्यासारख्या बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू मुलीने तर तिकडे जायचं कारणच नव्हतं. "कोकणाने तुम्हाला पोटच्या पोरासारखं सांभाळलं. युरोपचं उसनं दुःख कशाला आणता? त्यापेक्षा नवगावला जा."

नवगावचं आधी. मांडव्याची लाँच, पुढे रिक्षा, आणि गलबत फुटून आमचे पूर्वज, सात पुरुष आणि सात बायका, किनाऱ्याला लागल्याची तीच गोष्ट, हे माझ्या प्रत्येक मे महिन्यात होतं. सागावजवळच्या खंडाळ्यात एलियाहू हनाबी या प्रेषिताचा खडक आहे, तिथला नवसाचा मलिदा मी पोलंडच्या किती तरी आधीपासून खातेय. त्यामुळे 'नवगाव की पोलंड' असा प्रश्न आमच्या घरात कधी पडला नाही.

सहलीबद्दलचं तुमचं बरंचसं खरं आहे, आणि ते मी मूळ लेखात लिहायला हवं होतं. आमच्या गटात पाच देशांतली, विशी-पंचविशीची मुलं होती. निम्मा खर्च आयोजक संस्थेचा, निम्मा माझ्या पगारातला. नऊ दिवसांचा कार्यक्रम इतका कोंबून भरलेला, की मायदानेकच्या छावणीला एक तास मिळाला. वॉर्सातलं पोलिन संग्रहालय पोलंडमधल्या ज्यूंचा हजार वर्षांचा इतिहास सांगतं: व्यापार, छापखाने, भांडणं, नाटकं, लग्नं. तिथे आम्ही दीड तासात आत-बाहेर. मरणाला पाच दिवस आणि जगण्याला दीड तास, हा हिशेब मला तिथेही पटला नव्हता. आउश्वित्झ-बिर्केनाउ छावणीच्या फाटकाशी सेल्फी काढणारा मुलगाही होता. त्याला कोणी काही बोललं नाही, मीही नाही.

इस्रायलमधल्या शाळांच्या सहलींवर तर तुमच्यापेक्षा कडक टीका खुद्द तिथलेच लोक करतात. सशस्त्र पहारेकरी सोबत, आणि मुलांना पोलंड दिसतो तो बसच्या काचेतून. हे पहारेकरी आणि मुलांना काय शिकवायचं, यावरून दोन्ही सरकारांत वाद होऊन २०२२ मध्ये त्या सहली बंद पडल्या होत्या. २०२३ मध्ये करार झाल्यावर पुन्हा सुरू झाल्या. म्हणजे द्वेषाची भीती तुम्हाला उगाच वाटत नाही. (एक दुरुस्ती मात्र करते, सर. 'पोलिश छावण्या' म्हणू नका. पोलंड तेव्हा व्यापलेला होता. छावण्या नाझी जर्मनीच्या होत्या.)

आता 'उसनं'. हा शब्द मला लागला, कारण तोच प्रश्न मला तिथे नऊ दिवस खात होता.

बिर्केनाउहून परतल्यावर रात्री सगळ्यांना गोल बसवलं. प्रत्येकाने आपल्या घरातलं एक नाव सांगायचं. अर्जेंटिनाच्या मुलीने पणजीचं सांगितलं, फ्रान्सच्या मुलाने एका दमात सहा नावं सांगितली. माझी पाळी आली. मी म्हटलं, माझं कोणी नाही. आधीच पहिल्या दिवसापासून 'तू खरंच ज्यू आहेस?' हे ऐकून झालं होतं, त्यात आता हे. तुमची प्रतिक्रिया तेव्हा वाचली असती तर मी मान डोलावली असती.

दुपारीच आउश्वित्झच्या २७ नंबरच्या इमारतीत नावांचा तो ग्रंथ पाहिला होता. माणसाच्या उंचीची पानं, हाताने उलटायची. २०१३ साली तो तिथे ठेवला तेव्हा त्यात सुमारे ४२ लाख नावं होती. वेड्यासारखं मी आधी आमचं आडनाव शोधलं. अलिबागजवळच्या गावाला 'कर' लावून झालेलं आडनाव तिथे कुठून असणार! मग भलत्याच पानावर एकाच आडनावाचे अब्राहम मोजायला लागले. सतरापर्यंत मोजले आणि सोडून दिलं. माझ्या खापरपणजोबांचं नाव अब्राहम, पण गावात त्यांना त्या नावाने कोणी ओळखत नसे. ते आबाजी. शमुवेलचा जसा सामाजी झाला, तसा अब्राहमचा आबाजी. त्या पानावर मला सतरा आबाजी दिसत होते. त्याला काय म्हणायचं ते तुम्ही ठरवा.

आणि सर, उसन्याचंच बोलायचं तर आमच्याकडचा बिरड्याचा सण ऐकलाय? अव महिन्याची नववी तिथी, जेरुसलेमचं मंदिर पडल्याच्या शोकाचा दिवस. दुसरं मंदिर रोमनांनी पाडलं ते इसवी सन ७० मध्ये. कोकणात घाणे चालवणारे आणि शनिवारी काम बंद ठेवतात म्हणून 'शनवार तेली' म्हटले गेलेले आमचे पूर्वज. त्यांच्यातल्या कोणी ते मंदिर पाहिलेलं नव्हतं, जेरुसलेम कुठल्या दिशेला हेही किती जणांना ठाऊक असेल कोण जाणे. पण त्या दिवसाला त्यांनी नाव दिलं ते वालाच्या बिरड्याचं. आजी आदल्या दिवशी मोड आलेले वाल घेऊन बसायची आणि आम्हा पोरांना सोलायला लावायची. नखं दुखायची. कशासाठी, हे विचारलं की म्हणायची, "देऊळ पडलं ना आपलं." काल पडल्यासारखं.

दोन हजार वर्षांपूर्वीचं, हजारो मैलांवरचं ते दुःख आमचं, आणि ऐंशी वर्षांपूर्वीचं पोलंडमधलं मात्र उसनं, हे गणित मला जमत नाही.

तुम्ही कोल्हापूरचे, म्हणून वळीवड्याची आठवण करून देते. १९४३ पासून युद्धानंतरची काही वर्षं तिथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले. त्यांची मुलं-नातवंडं आजही कोल्हापुरात येतात, महावीर उद्यानातल्या स्मारकापाशी उभी राहतात. नातवंडांनी काही वळीवडं पाहिलेलं नसतं. त्यांना कोणी म्हणतं का, की आजोबांचं दुःख कशाला उसनं घेता?

गाझाबद्दलही तुम्ही विचारलंत. तो प्रश्न आमच्या आधीच बसमध्ये चढून बसला होता. लुब्लिनहून क्राकूवला जाताना मागच्या बाकावर दोघी कडकडून भांडल्या. एक म्हणत होती, इथे कशाचीही तुलना नको. दुसरी म्हणत होती, मग इथे आलो कशाला? मी कोणाच्या बाजूने बोलले ते इथे लिहीत नाही. लिहिलं तर खालच्या सगळ्या प्रतिक्रिया त्यावरच येतील. पण बसमध्ये तोंडं शिवून बसवलं होतं, असा समज करून घेऊ नका.

द्वेषाबद्दल मात्र लुब्लिनचं सांगायलाच हवं. गावात ग्रोद्झका नावाची जुनी वेस आहे. एका बाजूला ख्रिस्ती वस्ती, दुसरीकडे ज्यूंची. ज्यूंची बाजू आता नाहीच, तिथे मोकळं मैदान आणि वाहनतळ. त्या वेशीच्या इमारतीत काही पोलिश माणसं गेली कित्येक वर्षं एक काम करतायत. युद्धाआधी गावात जे ४३ हजार ज्यू राहत होते, त्या प्रत्येकाच्या नावे एक फाइल. जमिनीपासून छतापर्यंत फायलीच फायली. आम्हाला दाखवणारी मुलगी माझ्याच वयाची, ज्यू नाही, घरात कोणी ज्यू नव्हतं. मी एक फाइल काढायला सांगितली. रिकामी निघाली. दुसरी काढली, तिच्यात एका कागदावर नुसता पत्ता. "बऱ्याच अशाच आहेत," ती म्हणाली आणि जागच्या जागी नीट सरकवून ठेवली.

याच गावात हेनिओ झितोमिर्स्की नावाचा मुलगा होता. जन्म १९३३, वडिलांनी दरवर्षी काढलेले फोटो शिल्लक आहेत. मायदानेकमध्ये मारला गेला. दरवर्षी १९ एप्रिलला लुब्लिनमधली शाळकरी मुलं त्याला त्याच्या जुन्या पत्त्यावर पत्रं लिहितात. 'या नावाचं कोणी नाही' असा शेरा मारून टपालखातं ती पाठवणाऱ्याकडे परत करतं. सगळ्यांना माहीत असतं, तरी लिहितात.

मीही एक कार्ड टाकलं. मराठीत. आबाजींबद्दल चार ओळी, वालाबद्दल दोन, आणि परतीचा पत्ता ठाण्याचा. सात आठवडे झाले, अजून आलेलं नाही. आमच्या पोस्टमनकाकांना सांगून ठेवलंय.