आतली पानं कोण लावतंय, म्हणजे मजकुराची मांडणी कोण करतंय?

ओळखीचं कुणी स्वखर्चाने पुस्तक काढतंय असं कळलं की मी आधी हेच विचारतो.

दोन वर्षांपूर्वी बाबांचं पुस्तक आम्ही घरच्या घरी काढलं. काटोलकडची संत्र्याची बाग, आंबिया आणि मृग बहार, डिंक्या रोगाने गेलेली झाडं, विहिरीच्या पाण्यावरून तुटलेले शेजार. श्री-लिपी या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर मी युनिकोडमध्ये आणला, वर्डमध्ये पानं पाडली, कव्हर फोनवर केलं. 500 प्रती छापल्या. छापखान्याने दिलं तेच छापलं, चूक माझी होती.

कव्हरवरची संत्री फोनवर झळाळत होती, कागदावर विटकरी झाली. पडद्यावरचा रंग प्रकाशाचा असतो, छपाईचा चार शायांचा. भडक केशरी नेमका तिथेच मरतो. डिझायनरने हे पहिल्या दिवशीच सांगितलं असतं. तरी कव्हरचं एक वेळ चालून गेलं असतं. आतलं नाही. फॉन्ट बदलताना 'ऱ्य' मोडला आणि पुस्तकभर 'शेतकऱ्यांचे'चं 'शेतकर्यांचे' झालं. एका शेतकऱ्याच्या पुस्तकात! सगळा मजकूर मी मंगल फॉन्टमध्ये लावला होता. अक्षररचनाकार र. कृ. जोशींनी तो विंडोजच्या पडद्यासाठी घडवला, पुस्तकाच्या पानासाठी नव्हे. देवनागरीला वर वेलांटी-मात्रा, खाली उकार. दोन ओळींत जागा सोडावीच लागते. मी पानं वाचवली, त्यामुळे वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत घुसला. बांधणीकडचा समास इतका कमी की डाव्या पानावर ओळीचं शेवटचं अक्षर फटीत जातं. जोर लावून उघडलं तर पान सुटून हातात येतं.

आत्या 78 वर्षांची. चार पानं पाहून म्हणाली, "दादा, तू चांगलंच लिवलं असशील गा, पण मले दिसूनच नाही राह्यलं."

प्रकाशन समारंभाच्या हॉलवर, शाल-श्रीफळावर, फराळावर आम्ही हात सैल सोडला होता. त्यातल्या अर्ध्या पैशात पानं नीट लागली असती. हे मला फार लागतं, कारण दरवर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर पुस्तकांच्या स्टॉलपुढची गर्दी मी बघतो. खेड्यातून आलेली माणसं कनवटीचे पैसे मोजून पिशव्या भरभरून पुस्तकं नेतात. त्यांच्या हातात वाचता न येणारं पान ठेवणं हा अन्याय आहे, मग लेखक कितीही प्रामाणिक असो.

बाबा मला एका शब्दानेही बोलले नाहीत. पण रोज दुपारी ओसरीत बसून ते भेट द्यायच्या प्रतींमध्ये निळ्या पेनाने 'शेतकऱ्यांचे' दुरुस्त करतात. पानागणिक, प्रत्येक प्रतीत.

दुसऱ्या आवृत्तीचं काम आता एका मुलीला दिलंय, ती पुस्तकांचीच मांडणी करते. तिने आधी बाबांशी तासभर बोलून घेतलं, मग तीन नमुना पानं छापून पाठवली, अक्षर मोठं, समास मोकळा. ती घेऊन उद्या नागपूरच्या महाल भागात आत्याकडे जातोय.