डिस्प्ले गेला म्हणजे मीटर भंगार? थांबा भाऊ जरा

गेल्या आठवड्यात एकच मेसेज मला तीन ग्रुपवर आला, शेवटी आमच्या मोटार वाइंडिंगवाल्यानंही पाठवला आणि मागोमाग स्वतःच दुकानात हजर, हातात मल्टीमीटर (व्होल्ट-करंट मोजायचं), "भाऊ, हे आता फेकाच लागते ना?" मेसेजमधे चार गोष्टी आहेत. डिस्प्लेतलं लिक्विड वाळतं म्हणून आकडे जातात आणि त्याला इलाज नाही. डिस्प्ले गेला की रीडिंगही खोटं. जुन्या स्कोपची (ऑसिलोस्कोप, सिग्नलची रेघ दाखवतो तो) स्क्रीन काळी म्हणजे पिक्चर ट्यूब नाहीतर पॅनल खलास. आणि डिस्प्लेत खोट असलेला सेकंडहँड माल घेऊच नका. मी यवतमाळ जिल्ह्यात तालुक्याच्या गावी हेच मीटर-स्कोप दुरुस्तीला उघडून बसतो, म्हणून राहवलं नाही.

लिक्विड वाळतं, हे सगळ्यात जास्त फिरतंय आणि तेच सगळ्यात खोटं. एलसीडी म्हणजे दोन काचा, मधे काही मायक्रॉनचा थर, चारी बाजूंनी सील, तो काय डबीतल्या गोंदासारखा वाळणार? काच तडकली तर शाई सांडल्यासारखा काळा डाग पसरतो, तिथं मेसेज खरा, ती काच गेलीच. पण आकड्याची एखादीच दांडी गायब आहे, वरून दाबलं की येते अन सोडलं की जाते, तर काचेला काऊन दोष देता? साध्या मीटरात काच आणि बोर्ड यांच्यात बहुतेक वेळा सोल्डर नसतोच, मधे एक रबरी पट्टी नुसती दाबून बसवलेली असते, तिला झेब्रा म्हणतात, कारण तिच्यात एक रेघ करंट नेणारी कार्बनची आणि एक न नेणारी अशा बारीक बारीक रेघा असतात. तिच्यावर धूळ बसली, पट्टी बोर्डावर जिथं टेकते त्या पॅडवर मळ चढला, नाहीतर स्क्रू ढिला झाला, गेली दांडी.

उघडण्याआधी सगळं कसं बसलंय त्याचा मोबाईलवर फोटो काढा (मी एकदा नाही काढला, अर्धा दिवस गेला), मग आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पट्टी, काचेची कड आणि पॅड पुसा, पूर्ण वाळू द्या, परत बसवताना पट्टीला बोट लावू नका आणि स्क्रू आळीपाळीनं थोडे थोडे कसा, एकच बाजू आवळली की काच तडकते. आणि मुलूख कापसाचा असला तरी कापसानं पुसू नका बाप्पा, एक तंतू मधे राहिला की दुसरीच दांडी जाते. चष्म्याचं फडकं घ्या. वाइंडिंगवाल्याच्या मीटरचं एवढंच होतं, चहा येईपर्यंत आकडे पूर्ण आले.

खोट काचेत की आयसीत (मोजणाऱ्या चिपमधे) हे ओळखायचं असेल आणि आत ७१०६ नंबरची ४० पायांची आयसी असेल तर प्रोब (मोजायच्या वायरी) काढून १ आणि ३७ नंबरचा पाय क्षणभर जोडा, −१८८८ उमटतं. ते पूर्ण उमटलं तर काच अन पट्टी दोन्ही ठीक, खोट मागं शोधा. पण क्षणभरच हां, त्या वेळी काचेवर डीसी पडतो आणि जास्त वेळ ठेवला तर काच खरंच जळते, मग मेसेजवाला जिंकला.

आपल्याकडची अजून एक गंमत, मे महिन्यात ४५ डिग्रीत मीटर गाडीच्या डॅशबोर्डवर राहिलं की अख्खा डिस्प्ले काळा होतो आणि लोक घाबरून दुकानात आणतात. सावलीत थंड होऊ द्या, बहुतेक वेळा परत येतो. नाही आला आणि काचेजवळ व्हिनेगरसारखा आंबट वास आला, तर काचेवरची पोलरायझर, म्हणजे प्रकाश गाळणारी फिल्म सडलीय, ती सोलून नवी लावता येते, फक्त ९० अंशात फिरवून लावली तर उलटा डिस्प्ले दिसतो, काळ्यावर पांढरे आकडे.

रीडिंग खोटं होतं, हे अर्धं खरं. मीटर बरोबरच मोजतं, चुकीचं वाचतो आपण. मधली दांडी गेली की ८ चा ० होतो, म्हणजे लाइनला १८० व्होल्ट असताना तुम्ही १०० वाचणार आणि लाइनमनशी उगाच भांडणार. वरची गेली की ७ चा १. म्हणून डिस्प्ले नीट होईपर्यंत ते मीटर पंपाच्या स्टार्टरवर लावू नका, हे मी पण सांगतो.

स्कोपचं बोलू. एलसीडीवाला जुना डिजिटल स्कोप काळा दिसत असेल तर अंधारात मोबाईलचा टॉर्च तिरपा धरून बघा, पुसट चित्र दिसलं म्हणजे पॅनल जिवंत आहे, मागची दिव्याची नळी नाहीतर तिला जास्त व्होल्ट देणारा छोटा बोर्ड, म्हणजे इन्व्हर्टर गेलाय. त्या इन्व्हर्टरमधे शेकड्यानं व्होल्ट असतात, चालू असताना हात नको. ट्यूबवाल्या स्कोपमधे तर किलोव्होल्ट, आणि प्लग काढल्यावरही चार्ज राहतो, ज्याला येत नाही त्यानं झाकण उघडूच नये. पण बाहेरची बटणं तर बघा! माझ्याकडे "मेलेला" म्हणून आलेला एक स्कोप नुसता ट्रिगर (रेघ कधी काढायची ते ठरवणारं बटण) नॉर्मलवर असल्यानं काळा होता, सिग्नल नसला की तिथं रेघ येतच नाही. ऑटोवर केला, रेघ आली, मालकाचा चेहरा बघण्यासारखा.

हिरव्या-निळ्या चमकणाऱ्या आकड्यांचे डिस्प्ले मात्र खरंच म्हातारे होतात, आतला चमकणारा लेप, फॉस्फर, झिजतो, तिथं मी वाद घालत नाही.

राहिलं सेकंडहँड. तडकलेली काच किंवा ट्यूबवर जळका डाग दिसला तर मी पण घेत नाही. नुसत्या दांड्या गायब असतील तर विकणाऱ्याला कड दाबून व्हिडिओ पाठवायला सांगतो, दाबल्यावर आकडा आला की भाव पाडून घेतो.

वाइंडिंगवाल्यानं चहा संपवला आणि तिथूनच मेसेज पाठवणाऱ्याला फोन लावला, "तुह्यं जुनं मीटर फेकलं काय? नसन फेकलं तं मले दे."