कैगा 1969 ची नाही, आणि टिंक्चर पिऊ नका

‘कैगाची अणुभट्टी 1969 ची, कधीही बॉम्बसारखी फुटेल, काणकोणकरांनी आयोडीनचे टिंक्चर पाण्यातून प्यावे’ असा संदेश दक्षिण गोव्यातल्या काणकोण, मडगाव भागात फिरतो आहे.

आधी तातडीचे: टिंक्चर पोटात घेणे विषारी आहे. ते जखमेवर लावायचे औषध. अणुगळतीत पोटॅशियम आयोडाइडच्या गोळ्या देतात, त्याही प्रशासनाने सांगितल्यावरच. त्या फक्त थायरॉईडला किरणोत्सारी आयोडीनपासून वाचवतात, बाकी शरीराला नाही.

1969 साल महाराष्ट्रातल्या तारापूरच्या अणुभट्टीचे. कर्नाटकच्या उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या, कारवारजवळच्या कैगाच्या पहिल्या दोन भट्ट्या 2000 मध्ये व्यावसायिक वापरात आल्या, चौथी 2011 मध्ये. त्यांत नैसर्गिक युरेनियम वापरतात, त्याचा अणुबॉम्बसारखा स्फोट होत नाही. खरा धोका वेगळा: भट्टी बंद केल्यावरही इंधन तापत राहते आणि ते सतत थंड ठेवावे लागते. जपानच्या फुकुशिमा अणुप्रकल्पात 2011 साली नेमके तेच जमले नाही.

म्हणून काळजी करणारे वेडे नाहीत. 1994 मध्ये बांधकाम चालू असताना कैगाचा घुमट कोसळला होता. 2009 मध्ये कामगारांच्या पिण्याच्या पाण्यात ट्रिटियम (किरणोत्सारी हायड्रोजन) सापडले. आपत्कालीन नियोजनाच्या 16 किलोमीटरच्या पट्ट्यात गोवा येत नाही, पण वारा सीमा पाहत नाही. काणकोणच्या पंचायतींनी जिल्हाधिकाऱ्यांकडे आपत्कालीन आराखडा कोकणी-मराठीतून मागावा.