एआय-प्रमुख झालात? मग एवढं कराच

सर्वप्रथम अभिनंदन! परवापर्यंत तुम्ही 'डिजिटल ट्रान्सफॉर्मेशन'चे प्रमुख होतात, त्याआधी 'क्लाउड'चे, आणि मध्ये काही काळ (आता कुणी विषय काढत नाही ते बरंच आहे) ब्लॉकचेनचे. आता एआयचे झालात. व्हिजिटिंग कार्डं तेवढी नवी छापा. स्लाइड्स त्याच चालतील, पहिल्या पानावर निळ्या मेंदूचं चित्र टाकलं की झालं.

सुरुवातीलाच सांगतो, अडचण काय आहे हे कुणालाही विचारू नका. विचारलं की लोक सांगतात. सपोर्टवाली म्हणेल, एकाच ग्राहकाचा पत्ता तीन ठिकाणी तीन तऱ्हेचा आहे. टेस्टिंगवाला म्हणेल, सर्व्हर रोज दुपारी मान टाकतो. हे निस्तरत बसलात तर सहा महिने जातील आणि टाउनहॉलमध्ये, म्हणजे सगळ्या कंपनीच्या सभेत, दाखवायला काही उरणार नाही. त्यापेक्षा आधी एआय टूलची लायसन्स घ्या. पाच हजार घ्या, घाऊकात सवलत मिळते. ती कशासाठी घेतली हे शोधायला मग हॅकेथॉन (कोडिंगची स्पर्धा) ठेवा. टी-शर्ट आणि पिझ्झा कंपनीचा, शनिवार पोरांचा, श्रेय तुमचं.

नंतर चॅटबॉट काढा. एचआरचाच काढा, तिथे निदान क्लायंट बोंबलत येत नाही. रजेच्या नियमांच्या फायली शेअर्ड फोल्डरमध्ये पडलेल्या असतातच: 'लीव्ह पॉलिसी फायनल', 'लीव्ह पॉलिसी फायनल नवीन' आणि 'हीच वापरा'. तिन्ही बॉटच्या घशात घाला. यातली खरी कुठली हे ज्या बाईंना तोंडपाठ होतं त्यांना आपण मागच्याच तिमाहीत 'आता बॉट येतोय' म्हणून नारळ दिलाय, तेव्हा तोही प्रश्न मिटला. मग बॉट २०१९ची फाइल वाचून एखाद्याला अतिशय नम्रपणे सांगेल की उरलेल्या रजा पुढच्या वर्षात धरल्या जातील. तो बिचारा मार्चअखेर स्क्रीनशॉट घेऊन उभा राहील. त्याला शांतपणे सांगायचं, 'बॉट म्हणाला म्हणजे कंपनी म्हणाली असं होत नाही.'

हे वाक्य ऑफिसच्या आतच वापरा मात्र. एअर कॅनडाने ते बाहेर वापरून पाहिलं. आजी वारली म्हणून निघालेल्या एका प्रवाशाला त्यांच्या बॉटने सांगितलं की आधी तिकीट काढा, शोकप्रसंगाची सवलत मागाहून मागा. नियम तसा नव्हताच. प्रकरण अंगाशी आल्यावर कंपनीचा पवित्रा काय, तर बॉट जे बोलला त्याला आम्ही जबाबदार नाही. फेब्रुवारी २०२४मध्ये ब्रिटिश कोलंबियातल्या न्यायाधिकरणाने तो धुडकावला आणि सुमारे ८१२ कॅनेडियन डॉलर भरायला लावले. रक्कम किरकोळ, पण जगभर शोभा झाली ती वेगळी.

माणसं कमी करायची असतील तर आकडे यायच्या आत घोषणा उरका. ऑस्ट्रेलियाच्या कॉमनवेल्थ बँकेने २०२५मध्ये ग्राहकांचे फोन घेणाऱ्या व्हॉइस बॉटच्या भरवशावर ४५ जणांच्या नोकऱ्या कमी करायचं जाहीर केलं. फोन घटलेत, असं बँकेचं म्हणणं. उलट वाढलेत, असं कर्मचारी संघटनेचं. ऑगस्टमध्ये बँकेला माफी मागून निर्णय फिरवावा लागला. यातून धडा एवढाच की तिकडे संघटनेचं ऐकावं लागतं. हिंजवडीत ही अडचण फारशी येत नाही.

आता मोजमाप. कोण दिवसातून किती वेळा एआय वापरतो याचा डॅशबोर्ड लावा आणि तो अप्रेजलला जोडा. आकडा बघता बघता चढेल, कारण दर दहा मिनिटांनी बॉटला 'हाय' म्हणणारी स्क्रिप्ट पोरांनी तोवर लिहिलेली असेल. तीही बॉटकडूनच लिहून घेतलेली, म्हणजे वापर झाला हे काही खोटं नाही. तो आलेख बोर्डापुढे ठेवा, टाळ्या पडतील.

कुणी खरोखरच उपयोगाचं काम केलं तर जरा सांभाळून. समजा त्या सपोर्टवालीने जुन्या तक्रारी एआय मॉडेलकडून वेगळ्या लावून घेतल्या, एकेक उत्तर स्वतः तपासलं आणि आठवड्याचं काम दोन दिवसांवर आणलं. हे तिने अर्थातच न विचारता केलेलं असणार. विचारलं असतं तर मंजुरीचा फॉर्म अजून तुमच्याच टेबलावर असता. तिला आधी सिक्युरिटीकडून मेल जाऊ द्या. मग तिच्या कामाचा स्क्रीनशॉट आपल्या स्लाइड्समध्ये घ्या, नाव कापून.

टाउनहॉलच्या शेवटी एखादा हात वर होतोच. 'सर, हे सगळं नेमका कुठला प्रश्न सोडवतंय?' अजिबात चिडायचं नाही. 'ग्रेट क्वेश्चन' म्हणायचं, 'ऑफलाइन बोलू' म्हणायचं, आणि त्याच आठवड्यात त्याला एआय गव्हर्नन्स समितीवर घ्यायचं. समितीची बैठक दर शुक्रवारी साडेसहाला ठेवा. हिंजवडी फेज थ्रीमधून शेवटची कॅब सातला निघते.