पंपात दूध कमी आलं म्हणजे आईला दूध कमी? नाही.

बाळंतिणींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सध्या एक सल्ला फिरतोय: 'सगळ्यात जास्त सक्शनचा पंप घ्या, आणि तरीही बाटली भरली नाही तर समजा दूधच कमी आहे.' यातली दोन्ही वाक्यं चुकीची आहेत.

दूध नुसत्या ओढीने येत नाही. ऑक्सिटोसिन हे संप्रेरक (हार्मोन) शरीरात स्रवलं की पान्हा फुटतो. वेदना आणि ताणाने तो अडतो. म्हणून पंप दुखणार नाही इतक्याच ओढीवर ठेवायचा. ओढ वाढवून स्तनाग्रं सोलवटतात, दूध वाढत नाही.

खरी गोम बहुधा फनेलच्या, म्हणजे पंपाच्या स्तनावर बसवायच्या कीपेच्या मापात असते. खोक्यात बऱ्याचदा 24 मिमीचं फनेल येतं, आणि ते सगळ्यांना बसेलच असं नाही. स्तनाग्राचा व्यास मोजून त्यानुसार माप निवडा. विकत घेताना मोटरच्या गप्पांपेक्षा वेगवेगळ्या मापांची फनेलं, व्हॉल्व्ह सुटे मिळतात का, हे विचारा. (दुकानदार सहसा मोटरबद्दलच बोलतो.)

पहिल्या दोन-तीन दिवसांचा चीक तर थोडा आणि घट्ट असतो. तो हाताने काढणंच सोपं. त्या वेळी पंप कोरडा दिसला म्हणून 'वरचं' दूध सुरू करू नका.

दूध पुरतंय का, हे बाटली नाही, बाळ सांगतं: पाचव्या दिवसानंतर दिवसात सहा किंवा जास्त वेळा लंगोट ओला होतो, वजन वाढतं. तसं होत नसेल, तर नवा पंप न शोधता बालरोगतज्ज्ञांना त्याच दिवशी दाखवा.