सह्या कुणाच्या होत्या?

स्कॉटलंडमधल्या पर्थला येऊन मला अकरा वर्षं झाली. पुण्याहून कुणी आलं की मी त्यांना जवळच्या बर्नमला घेऊन जाते. तिथं टे नदीच्या काठी एक जुनापुराणा ओक आहे. खोड खालून पोकळ झालंय आणि आडव्या फांद्या इतक्या जड की त्यांना लाकडी टेकू दिलेत. शेक्सपिअरच्या ‘मॅकबेथ’ नाटकात राजाचा खून करून गादीवर बसलेल्या मॅकबेथचे शत्रू याच बर्नमच्या रानातल्या फांद्या तोडून, त्यांच्या आडून डन्सिनेनच्या टेकडीवर चालून जातात.

गेल्या महिन्यात भाचीचा फोन आला. कॉलेजसाठी ती ‘मॅकबेथ’मधले काही प्रवेश बसवतेय. ही बातमी घरच्या ग्रुपवर गेली आणि दादानं लगेच लिहिलं, “म्हणजे आपली आनंदीबाईच की! बाईनं कान भरले आणि चांगल्या माणसाचं वाटोळं झालं.” घरातल्या बायकांनीही माना डोलावल्या. मला त्या रात्री झोप लागली नाही.

नाटकच बघू. चेटकिणी मॅकबेथला तू राजा होशील म्हणतात, खून कर असं एकदाही म्हणत नाहीत. राजा डंकनला मारायचा विचार त्याच्या मनात तिथंच, माळावर येतो आणि त्याचा त्यालाच शहारा येतो. त्याच्या बायकोच्या हाती तेव्हा त्याचं पत्रही पडलेलं नसतं. पुढं तो कच खातो तेव्हा ती त्याला डिवचते, हे करायची धमक होती तेव्हा तू मर्द होतास, म्हणते. पहारेकऱ्यांच्या पेयात गुंगीचं औषधही तीच घालते. तिला निर्दोष ठरवायला मी बसलेली नाही.

पण तिसऱ्या अंकात या. मुकुट मिळालाय आणि आता सोबतीचा सरदार बँको डोळ्यांत सलतोय. मॅकबेथ दोन मारेकरी बोलावतो. तुमच्या हालांना बँकोच कारण आहे, असं त्यांच्या मनात भरवतो. आम्ही माणसं आहोत, असं ते म्हणाले की सांगतो: हो, यादीत तुम्ही माणसांतच मोडता, शिकारी कुत्र्यापासून रस्त्यावरच्या कुत्र्यापर्यंत सगळ्यांना कुत्राच म्हणतात ना, तसे! बायकोनं ज्या टोचणीनं त्याला घायाळ केलं, तीच टोचणी तो आता दुसऱ्यांना लावतो. आणि बायकोला काय सांगतो? तुला ठाऊक नसलेलंच बरं, काम झालं की कौतुक कर. विरोधात गेलेल्या सरदार मॅकडफची बायकापोरं कापली जातात तेव्हा तर ती त्याच्या आसपासही नसते. तिचं पुढं काय होतं, ते सगळ्यांना माहीत आहे. झोपेत चालते आणि हात चोळचोळून धूत राहते.

आता आपल्या घरचं. 30 ऑगस्ट 1773 ला शनिवारवाड्यात अठरा वर्षांच्या नारायणरावांना गारद्यांनी मारलं. ‘ध’चा ‘मा’ आनंदीबाईंनीच केला याला ठोस पुरावा नाही, तरी शाळकरी पोरालाही ती गोष्ट तोंडपाठ असते. रामशास्त्री प्रभुण्यांनी मात्र दोष रघुनाथरावांच्या पदरात घातला आणि देहान्त प्रायश्चित्त सांगितलं. पेशवाईसाठी इंग्रजांशी 1775 चा सुरतेचा तह करून साष्टी-वसई देऊ करणारे रघुनाथरावच. न्यायाधीशानं पुतण्याचा खून काकाच्या नावावर मांडला, आपण तो काकूच्या नावावर चढवला.

इथं स्कॉटलंडमध्ये तरी वेगळं आहे का? थोडंसं. खऱ्या मॅकबेथनं 1040 ते 1057 अशी सतरा वर्षं राज्य केलं, डंकन लढाईत पडला आणि 1050 मध्ये रोमला जाऊन मॅकबेथनं गोरगरिबांना पैसे वाटले, हे माझ्या शेजारच्या निवृत्त शिक्षकांनी मला पहिल्याच हिवाळ्यात सांगितलं. राजावरचा डाग ते पोटतिडकीनं पुसतात. मला ते फार आवडतं. पण राणीचं नाव मी विचारलं तेव्हा त्यांना आठवावं लागलं. तिचं नाव ग्रुओख. लॉख लेवनच्या साधूंना जमीन दिल्याच्या दानपत्रात ते राजाच्या शेजारी, राणी म्हणून लिहिलंय.

दादाशी मी भांडते ती या नाटकापायी नाही. आमचा वाडा विकला गेला तेव्हा सगळ्या भाऊबंदांनी काकूला बोल लावला. “तिनंच काकांना भरीस घातलं.” मी तेव्हा चौदा वर्षांची होते, कागद माझ्यासमोर ओसरीवर पसरले होते. प्रत्येक पानावर काकांची सही होती, ठसठशीत, शाई न सांडता केलेली. काकू आत चहा गाळत होती. त्यानंतर ती कुठल्याच लग्नाकार्याला आली नाही आणि काका मात्र सगळीकडे पुढच्या रांगेत बसत राहिले.

हे सगळं मी भाचीला सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “मावशी, मारेकऱ्यांचा प्रवेश मी वेळेअभावी गाळणार होते.” आता तोच ती आधी बसवतेय. रविवारी तालमीचा व्हिडिओ पाठवणार आहे. दादालाही पाठव म्हटलंय.