पंप घर्षणाने तापतो म्हणे!

सध्या एक फॉरवर्ड फिरतंय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: सायकलचा पंप तापतो तो निव्वळ घर्षणाने. हवा झटकन दाबणं ही अ‍ॅडियाबॅटिक प्रक्रिया मानली, तरी तीत उष्णता आत येत नाही, बाहेर जात नाही, मग तापमान बदलेलच कसं? शिवाय पूर्ण उष्णतारोधक भांडं जगात नाही, म्हणजे ही प्रक्रिया फक्त परीक्षेपुरती.

घर्षणाचं घरीच तपासा. नळी मोकळी सोडून पंप पन्नास वेळा मारा. वॉशर तोच, नळकांडं तेच, पण पंप जेमतेम कोमट होतो. आता नळी टायरला लावून तेवढ्याच वेळा मारा आणि हात फिरवून बघा. चटका बसतो तो तळाशी, जिथे हवा दाबली जाते तिथे. दाबामुळे वॉशर जरा जास्त घासतो, हे कबूल. पण टायरची हवा सोडताना बोटाला गार लागते त्याचं काय? घासून काही गार झालेलं मी तरी पाहिलेलं नाही.

दुसऱ्या मुद्द्यात उष्णता आणि तापमान यांची गल्लत आहे. दांडा दाबताना आपण हवेवर काम करतो. ती ऊर्जा बाहेर पडली नाही, तर हवेतच राहणार आणि हवा तापणार. डिझेल इंजिनाला स्पार्क प्लग लागत नाही तो याच जोरावर. 30 अंशांची हवा अठराव्या हिश्शात कोंबली तर आदर्श गणिताने ती 690 अंशांच्या आसपास जाते. सिलिंडरच्या भिंती त्यातलं थोडं खातात, तरी डिझेल पेटायला उरतं ते भरपूर होतं. उलट, वायू निर्वात पोकळीत नुसता पसरला तर तो कुणाला ढकलत नाही, काम शून्य, आणि आदर्श वायूचं तापमान जागचं हलत नाही. तीही प्रक्रिया अ‍ॅडियाबॅटिकच.

राहिलं भांडं. न्यूटनने आवाजाचा वेग काढताना हवेचं तापमान कायम राहतं असं धरलं. त्या हिशेबाने शून्य अंशाला सेकंदाला 280 मीटर येतात, मोजले तर 331. ही तूट 1816 साली फ्रेंच गणितज्ञ लाप्लासने भरून काढली: आवाज म्हणजे हवेच्या दाबलेल्या आणि विरळ थरांची लाट, आणि दाबलेल्या थरातली उष्णता शेजारच्या विरळ थरात पोचायच्या आत लाट पुढे गेलेली असते. भांडं नको, उष्णतेला वेळ मिळाला नाही की पुरे.

कोकणातून सह्याद्री चढणारी हवाही, वर दाब कमी म्हणून पसरत जाते आणि ढग धरेपर्यंत किलोमीटरमागे जवळपास 9.8 अंशांनी गार होते. तिला कुणी थर्मासमध्ये भरलेलं नसतं.